टाक्यांच्या जागचा हर्निया: व्यायामाने पोटाची ताकद परत येते का?

पाठकणा: मधोमध पोट उघडून झालेल्या ऑपरेशननंतर बेंबीच्या वर 6 सेंमी रुंदीचा हर्निया. दुखत नाही, पण हात न टेकता उताण्याचं उठता येत नाही आणि संध्याकाळी कंबर धरते. आधी व्यायाम की थेट ऑपरेशन करून पोटाच्या भिंतीला आधाराची जाळी?

टाकेवाला: मूळ दुखणं स्नायूचं नाही, त्याचा खुंटाच उपटलाय. पोटाच्या बाजूच्या स्नायूंचे तिन्ही थर मधल्या पांढऱ्या पट्टीला, म्हणजे लिनिया अल्बाला, बांधलेले असतात. ती उसवली की जोर करताना ते एकमेकांना ताण देण्याऐवजी कडा बाहेर खेचतात. हळूहळू ते आखडून आखूड होतात; म्हणून फार वर्षं थांबलं की कडा जुळवणं जड जातं. व्यायामाने भोक बुजत नाही. सर्जनला एवढं जरूर विचारा: मधली रेषा पुन्हा जुळवून जाळी लावणार, की भोकावर जाळीचा नुसता पूल? पुलाने आतडं आत राहतं, पण स्नायूंना खुंटा मिळत नाही. धड वाकवण्याची ताकद वाढते ती रेषा जुळल्यावर.

फिजिओकट्टा: म्हणून व्यायाम सोडू नका, फक्त सिट-अप, दोन्ही पाय एकदम उचलणं, नौकासन, कपालभाती बंद. उताणं पडा, गुडघे वाकवा, श्वास सोडत ओटीपोट आत घ्या. 5 सेकंद धरा, 10 वेळा. श्वास कोंडायचा नाही. हात हर्नियावर ठेवा: हाताखाली उंचवटा उठला की जोर जास्त झाला. उठताना कुशीवर वळून, पाय पलंगाखाली सोडून, हाताच्या रेट्याने.

पाठकणा: पट्ट्याने स्नायू सुस्तावतील ना?

फिजिओकट्टा: उभं राहताना, चालताना लावा, झोपताना काढा. कंबरेला आधार मिळतो. भोक मात्र तेवढंच राहतं.

टाकेवाला: पट्ट्यापेक्षा कुंथणं आणि जुनाट खोकला आधी आवरा. सिगारेट ऑपरेशनच्या निदान 4 आठवडे आधी बंद, साखर ताब्यात. फुगवटा कडक होऊन आत जाईना, दुखू लागला, उलट्या झाल्या तर आतडं अडकलंय असं समजून तडक इमर्जन्सीत जा, दाबून बघत बसू नका.