कंदील ठीक, पण पावाचं राहिलं

‘सेंट मार्टिनचा दिवस म्हणजे जर्मन पोरांची दिवाळी’ असं कुणीतरी म्हटलं, ते मला कंदिलापुरतं पटलं, पुढे नाही. आपला आकाशकंदील दारात टांगलेला असतो, इथे जर्मनीत ११ नोव्हेंबरला, मार्टिन या ख्रिस्ती संताच्या दिवशी, पोरं तो काठीला लावून थंडीत गावभर हिंडतात. आमच्याकडे मिरवणूक चर्चपासूनच निघते, पुढे घोड्यावर लाल झगा घालून मार्टिन झालेला कुणीतरी. लेकीने बालवाडीत चिकटवलेल्या कागदी कंदिलाचा गेल्या वर्षी पावसात पार लगदा झाला. काठीला नुसता दिवा लोंबकळत होता, तरी बाईसाहेबांनी तो शेवटपर्यंत मिरवला.

पण खरी गंमत नंतर. चर्चच्या अंगणात गोड पाव मिळतो, तोही दोघांत एक. फ्रान्समधल्या आमियाँ शहराच्या वेशीवर मार्टिनने तलवारीने स्वतःचा झगा कापून अर्धा भिकाऱ्याला दिला, त्याची ही आठवण. (मोठा तुकडा कुणाचा यावरून दरवर्षी रडारड होते, ते सोडा.) त्याचा उरलेला झगा म्हणून जे वस्त्र फ्रँक राजांनी (आजच्या फ्रान्स-जर्मनीच्या भागावरचे जुने राजे) जपलं, त्याला लॅटिनमध्ये ‘काप्पेला’ म्हणत. ते ठेवायच्या जागेलाही तेच नाव पडलं, आणि छोट्या प्रार्थनाघराला आपण म्हणतो तो ‘चॅपल’ शब्द त्यातूनच आला.