मदत हवी आहे: गुणवत्ता यादीत सीबीएसईचा सहावा विषय कसा धरता?

सरकारी विद्यापीठाच्या पदवी प्रवेश कक्षात काम करणाऱ्यांना प्रश्न. प्रथम वर्ष बीएस्सीची यादी करताना राज्य मंडळाचे गुण ६०० पैकी आणि सीबीएसईच्या पाच विषयांचे ५०० पैकी धरून दोन्हींची टक्केवारी दोन दशांश स्थळांपर्यंत काढतो. इथवर ठीक.

घोळ सहाव्या, जादा विषयाचा. सीबीएसईच्या गुणपत्रिकेवर एकूण बेरीज किंवा टक्केवारी नसते, त्यामुळे अर्जात विद्यार्थी स्वतःच 'बेस्ट फाइव्ह', म्हणजे सर्वाधिक गुणांचे पाच विषय, भरतात. गणितात ६० आणि शारीरिक शिक्षणात ९५ असतील, तर गणित वगळून आकडा थेट ७ टक्क्यांनी वर जातो. बीएस्सीला हे कसं चालवून घ्यायचं? पण सहाही विषय ६०० वर मोजले, तर ज्यानं हौसेनं जादा विषय घेतला त्याचंच नुकसान.

इंग्रजी आणि विज्ञान गटाचे तीन विषय सक्तीचे, पाचवा उरलेल्यांतला सर्वाधिक गुणांचा, असं सूत्र कुणी लावलंय का? ते अर्ज सुरू होण्याआधीच माहितीपत्रकात छापलं होतं का? यादी लागल्यावर नियम सांगितला की हरकतींचा ढीग ठरलेलाच.

आणि टक्केवारी समान आली, तर आधी विज्ञान गटाचे गुण बघता की थेट जन्मतारीख?