गाव सांभाळते कोण? रस्ते, नळ, नाल्या आणि बाग: तुमचे अनुभव

भूमिपूजनाचे फोटो सगळ्यांच्याच मोबाइलमध्ये असतील. नारळ, टिकास, मागे पाच-सात पांढरे शर्ट. टाकी झाली, रस्ता झाला, बाग झाली, फोटो निघाला. तिसऱ्या वर्षी तिथे काय चालले आहे, याचा फोटो मात्र कोणी काढत नाही. हा धागा त्यासाठी. नागपूर-अमरावतीबद्दल भरपूर लिहिले जाते, इथे विदर्भातली खेडी आणि तालुक्याची गावेच घेऊ. नळ कोण सोडते, नाली कोण काढते, खड्डा कोण बुजवते, पैसा कुठून येतो, ते लिहा. पक्षाचे नाव नको, माणसाचे नाव नको. गावाचे नाव नाही दिले तरी चालेल, जिल्हा पुरे.

खारंपाणी (अकोला)

आम्ही पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातले. विहिरीला पाणी आहे, बोअरला आहे, पण तोंडात धरवत नाही. त्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही. कुकरच्या कितीही शिट्ट्या काढा, दाणा वेगळा नि पाणी वेगळं. म्हणून धरणाच्या पाण्याशिवाय इलाज नाही. वान धरणाचं पाणी ८४ खेडी योजनेतून आलं तेव्हा माझ्या माहेरी बायकांत पाण्यापेक्षा वरणाचीच चर्चा जास्त होती.

सासर मात्र दुसऱ्या एका योजनेच्या शेवटच्या टोकाला आहे. वरच्या गावांत नळांना तोट्या नाहीत, कुठं जोडावर पाइप फोडून वावरात पाणी घेतलेलं. आमच्याकडे पोचेपर्यंत नळातून नुसती हवा. नळ येणार त्या दिवशी घरातली एक बाई निंदायला जात नाही, म्हणजे तिची रोजी गेली. पाहुण्याचा फोन आला की सासूबाई पहिले विचारतात, "नळाच्या आंधी येता का मंग?"

वॉलवाला (वर्धा)

नळ सोडणं म्हणजे चावी फिरवणं, असं लोकांना वाटतं. मी ग्रामपंचायतीत हेच काम केलं, आता पोरगा करतो. विजेची लाइन पहाटे येते, तर पहाटे उठून मोटर चालू करा. स्टार्टर उडाला तर बॅटरी घेऊन विहिरीवर जा. टाकी भरली की टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाका. ताजी पावडर हजार लिटरला ५ ग्रॅम, म्हणजे ५० हजारांच्या टाकीला पाव किलो. कोरडी टाकायची नाही. बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा आणि वरचं निवळ पाणीच टाकीत ओतायचं. अर्धा तास थांबून मग वॉल (व्हॉल्व्ह) उघडायचा. शेवटच्या घरच्या नळाचं पाणी नळीत घेऊन क्लोरीन तपासायचे ओटीचे थेंब टाकायचे. पिवळं झालं तर बरोबर. नाही झालं तर एक तर पावडर जुनी, नाही तर मध्ये कुठं लाइन फुटून नालीचं पाणी शिरतंय.

हे सगळं केलं तर लोक म्हणतात, पाण्याले वास येतो. नाही केलं तर पावसाळ्यात अर्धं गाव दवाखान्यात. वास येणारं पाणी प्या बाप्पा, अजून काय सांगू.

उंबरठा (वॉलवाल्यांना)

भाऊ, पगार वेळेवर व्हायचा का?

वॉलवाला

वसुली झाली का व्हायचा. म्हणजे दिवाळीच्या आसपास थोडा, मार्चमध्ये थोडा.

माजी सरपंच ताई (यवतमाळ)

वरच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आहे आणि ते मला पाच वर्षांत पाठ झालं. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतले ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेला बांधलेले होते. उरलेले ४० टक्के अबंधित म्हणायचे, पण त्यातूनही पगार करता येत नव्हता. म्हणजे पाइप घेता यायचा, मोटर घेता यायची, आणि ती मोटर रोज चालू करणाऱ्याला द्यायला पैसे पाहिजेत ते घरपट्टी-पाणीपट्टीतून. समजा तीनशे नळ आहेत आणि महिन्याला ५० रुपये पट्टी आहे. सगळ्यांनी भरली तरी १५ हजार. त्यातून विजेचं बिल, टीसीएल, गळती आणि एक माणूस. आणि सगळे भरतात का? आमच्याकडे सगळ्यात मोठी थकबाकी सगळ्यात मोठ्या वाड्याची होती.

पट्टी वाढवायचा विषय मी १ मेच्या ग्रामसभेत काढला. दहा रुपये वाढवायचे होते. एका काकाजींनी उभं राहून विचारलं, "पाणी देवाचं, त्याचे पैसे कायचे?" टाळ्या पडल्या. मी म्हटलं, काकाजी, पाणी देवाचंच जी, पण मोटर देव चालवत नाही. त्यावर कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. ठराव पुढच्या सभेवर गेला, १५ ऑगस्टला कोरम झाला नाही.

एक मात्र लिहिते. जल जीवन मिशन २०१९ मध्ये आलं, माणशी रोज ५५ लिटर असं उद्दिष्ट. घरापर्यंत नळ आल्यावर बायकांच्या डोक्यावरचा हंडा खरंच उतरला. त्याला नावं ठेवणाऱ्यांनी आधी उन्हाळ्यात दोन खेपा आणून दाखवाव्या.

दिवाबत्ती (वाशिम)

आमच्या गावचे पथदिवे दिवसा चालू, रात्री बंद. इतकंच.

मुरूम-गिट्टी (बुलढाणा)

बांधकामात नोकरी झाली, आता निवृत्त. रस्त्यांवर शिव्या खाऊन झाल्या, म्हणून मोकळेपणानं लिहितो. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. खालचा मुरूम-गिट्टीचा थर कमी असेल तर वर कितीही चांगलं डांबर टाका, दोन पावसाळ्यांत रस्ता लाटा मारतो. हे ठेकेदाराचं पाप, मान्य. पण बाजूची नाली कोण बुजवतं? वखर घालताना दरवर्षी धुरा (शेताचा बांध) थोडा थोडा रस्त्याकडे सरकतो, नाली शेतात जाते, पाणी साइडपट्टीत मुरतं आणि कडेपासून डांबर तुटत येतं. हे करणारा शेतकरीच पुढं खड्ड्याचं निवेदन घेऊन येतो. मी अशा निवेदनांवर सह्या घेतलेल्या आहेत.

कामाचं सांगतो. तक्रारीआधी रस्ता कोणाचा ते पाहा. गल्ली ग्रामपंचायतीची. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडे, राज्य मार्ग सार्वजनिक बांधकामकडे. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेचा रस्ता असेल तर पाच वर्षांची देखभाल ठेकेदाराच्या करारातच असते. फलकावर काम संपल्याची तारीख असते, तिचा फोटो अर्जाला जोडा. फलक शाबूत असेल तर. आमच्याकडे एका फलकाचा पत्रा गोठ्याच्या दाराला लागलेला पाहिला आहे.

सावली (अमरावती)

मी शिक्षिका. तालुक्याची ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत झाली आणि आम्हाला बाग मिळाली. लॉन, कारंजं, ओपन जिम. लॉनला पाणी टँकरचं. एप्रिलमध्ये प्यायलाच पाणी नव्हतं, तेव्हा टँकर बागेकडे वळला की बाया अडवायच्या, आणि बरोबरच होतं. लॉन गेलं, कारंज्यात पाणी कधी दिसलंच नाही. जिमच्या यंत्रांना तेल न मिळाल्यानं ती जाम झाली. चालण्याच्या यंत्रावर आता कुरडया वाळतात, उन्हाची जागा चांगली आहे. बागेत जगलं काय, तर कडेचे कडुनिंब आणि करंज, जे कोणाच्याच आराखड्यात नव्हते. ४५ अंशांच्या गावात लॉनचा आराखडा कोणी मंजूर केला, हे मला अजून कळलेलं नाही.

झाडीपट्टी (गोंदिया)

आमच्याकडची गोष्ट उलटी आहे. माजी मालगुजारी (जुन्या जमीनदारीतले) तलाव, म्हणजे मामा तलाव, कोहळी समाजाच्या लोकांनी बांधले आणि पिढ्यान् पिढ्या सांभाळले. कोणत्या शेताला कधी पाणी जाणार हे ठरलेलं, पाळीवरची झाडं कोण छाटणार हेही ठरलेलं. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी संपली आणि तलाव सरकारजमा झाले. ते योग्यच झालं, मालगुजाराचं राज्य काही परत नको. पण तलावावर रोज लक्ष ठेवायचं काम त्या कायद्यात कोणाच्याच नावावर आलं नाही. आमच्या तलावात गाळ भरला, काठाला बेशरम (रानटी झुडूप) माजली, पाळीला उंदरांची बिळं. आता मच्छीमार सोसायटी आणि धानवाले मिळून उन्हाळ्यात बेशरम उपटतात. मासे पाहिजेत म्हणून एकाला पाणी टिकवायचं असतं, रोवणी झाली की दुसऱ्याला सोडायचं असतं. भांडण होतं, पण तलावाकडे दोघांचंही लक्ष असतं.

नकाशा (चंद्रपूर)

वॉलवाले काकांचं वाचून लिहितोय. आमच्या गावात जुनी पाइपलाइन कुठून गेली याचा कागद नव्हता. सगळं एका म्हाताऱ्या कर्मचाऱ्याच्या डोक्यात. नवीन योजनेची नाली खोदली तेव्हा जेसीबीनं जुनी लाइन तीन-चार ठिकाणी फोडली, कारण विचारायचं कोणाला हे ठेकेदाराला माहीतच नव्हतं. मग आम्ही पोरांनी त्या आबाजींना गाडीवर बसवून गावभर फिरवलं. ते काठीनं जमिनीवर ठोकायचे, "हिते खोद," आणि हातभर मातीखाली वॉल निघायचा. मोबाइलवर प्रत्येकाची खूण केली, नकाशा छापून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावला. एक वॉल तेवढा मिळाला नाही. आबाजी म्हणतात तो उपसरपंचांच्या घराच्या पायरीखाली आहे, उपसरपंच म्हणतात आबाजींना आता आठवत नाही. पायरी काढायचा विषय पुढच्या मासिक सभेत आहे.