येऊर चढताना नाही, उतरल्यावरच मांड्या का भरून येतात?

कोपरीकर:
ट्रेनर कोर्ससाठी अ‍ॅनाटॉमी वाचतोय. ठाण्यात उपवनहून येऊर गावापर्यंत डोंगर चढताना नाडी दीडशेपार जाते, धाप लागते. उतरताना मात्र नाडी निवांत असते, गप्पा मारता येतात. तरी दुसऱ्या दिवशी मांडीचा पुढचा भाग भरून येतो आणि जिना उतरताना कठडा धरावा लागतो. चढून जाऊन गाडीने खाली येणाऱ्यांना हे जवळजवळ होत नाही. दोन्हीकडे स्नायू तोच, मांडीच्या पुढचा क्वाड्रिसेप्स. जिममध्ये 'लॅक्टिक अ‍ॅसिड साठलं' म्हणून मोकळे होतात. खरं कारण काय? आणि क्लायंटची उतरणीची तयारी कशी करून घ्यायची?

नौपाडा_फिजिओ:
लॅक्टिक अ‍ॅसिडचं आधी मिटवू. लॅक्टेट जास्त तयार होतं ते चढताना, आणि थांबल्यावर तासाभरात ते रक्तात मूळ पातळीवर येतं. ते दोन दिवसांनी दुखवणार कसं?

चढताना क्वाड्रिसेप्स आखडत गुडघा सरळ करतो, हे कॉन्सेंट्रिक काम. उतरताना पुढचा पाय खाली टेकेपर्यंत मागचा गुडघा वाकत असतो आणि क्वाड्रिसेप्स ताण धरूनच लांबत जातो, ब्रेकसारखा. हे एक्सेंट्रिक. तेवढंच वजन पेलायला एक्सेंट्रिकमध्ये कमी तंतू कामाला लागतात आणि ऑक्सिजनही बराच कमी लागतो, म्हणून नाडी निवांत. पण भार कमी तंतूंवर वाटला गेल्याने प्रत्येकाच्या वाट्याला ताण जास्त. त्यात कमकुवत सार्कोमिअर (तंतूतले आखडणारे बारीक कप्पे) प्रमाणाबाहेर ताणले जातात, त्यांच्या कडा म्हणजे झेड-रेषा विस्कटतात. दुखणं साधारण 24 ते 72 तासांत शिगेला पोचतं, आठवड्याच्या आत ओसरतं.

वाटी_सरकली:
वरच्यात एक भर. 'तंतू फाटले म्हणून दुखलं' इतकं ते सरळ नाही. इजा होते त्याच वेळी, दुखणं येतं उशिरा. मधल्या काळात दाह होतो, नसांची टोकं हळवी होतात, स्नायूभोवतीचं आवरणही दुखतं. म्हणून किती दुखतंय यावरून किती इजा झाली ते मोजू नका. ताकद तर दुखायला लागण्याआधीच घटलेली असते. लटपटत्या पायांनी उतरताना पाय मुरगळतो तो याचमुळे.

अभ्यासासाठी: जिन्याच्या पायरीवर उभं राहून एक पाय सावकाश खाली सोडा, उभ्या पायाच्या मांडीवर हात ठेवा. क्वाड्रिसेप्स म्हणजे चार स्नायूंचा गट. गुडघ्याच्या वाटीच्या आतल्या बाजूला वर थेंबाच्या आकाराचा फुगवटा लागतो, तो व्हॅस्टस मेडियालिस. बाहेर लॅटेरालिस. इंटरमीडियस रेक्टस फेमोरिसच्या खाली दडलेला, तो बोटाला लागत नाही. चौघांपैकी खुबा ओलांडतो एकटा रेक्टस. बसून, गुडघा सरळ ठेवून पाय उचललात की जांघेखाली त्याची दोरी उठते. परीक्षकांचा लाडका प्रश्न.

नौपाडा_फिजिओ:
आता तयारी. साधारण 15 सेंटिमीटरची पायरी घ्या. एका पायावर उभं राहून दुसऱ्या पायाची टाच तीन सेकंद मोजत जमिनीला नुसती टेकवायची, मग वर. प्रत्येक पायाला 8 वेळा, दोन सेट. आठवड्यातून दोनदा, मध्ये किमान दोन दिवस सुट्टी. दर आठवड्याला एक सेट वाढवा, चारवर थांबा. उंची त्यानंतरच.

बिघडतं कुठे? गुडघा आत कलतो, नाहीतर पलीकडच्या बाजूची कंबर खाली पडते. दोन्हींत बहुतेकदा ग्लुटिअस मेडियस, म्हणजे खुब्याच्या बाजूचा स्नायू, दमलेला असतो. गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहीना, तर पायरीची उंची कमी करा, आकडे नाही. दुसरी चूक म्हणजे पहिल्याच दिवशी हौसेने शंभर मारणं. थोडासा एक्सेंट्रिक डोससुद्धा पुढचे काही आठवडे संरक्षण देतो, त्यासाठी आडवं पडेपर्यंत दुखवून घ्यायची गरज नाही. आधी-नंतर स्ट्रेचिंग केल्याने मात्र या दुखण्यात फारसा फरक पडत नाही, कितीही मनापासून करा.

प्रत्यक्ष उतारावर पावलं आखूड टाका आणि पाय टेकताना गुडघा किंचित वाकलेला ठेवा. ताठ पाय आपटला की धक्का सांध्यावर जातो.

कोपरीकर:
धन्यवाद! नाडीचं कोडं सुटलं. एका क्लायंटला उतरताना एकाच गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला टोचतं. हेही यातच धरायचं का? आणि तो निघण्याआधीच ब्रुफेन घेतो.

वाटी_सरकली:
नाही. भरून येणं सहसा दोन्ही मांड्यांत, स्नायूच्या पोटात, दाबल्यावर पसरट दुखणारं. एकाच बाजूला, सांध्याजवळ, चालता चालता सुरू होणारं टोचणं वेगळं. आयटी बँड (मांडीच्या बाहेरून गुडघ्याखाली जाणारा जाड पट्टा) असू शकतो, तपासून घेऊ दे. सूज असेल किंवा गुडघा अडकत असेल तर उतरणी बंदच.

निघण्याआधीची ब्रुफेन सोडायला सांगा. आपल्या दमट हवेत घाम गळत राहतो पण वाळत नाही, शरीरातलं पाणी घटतं, आणि अशात ती गोळी मूत्रपिंडाला जड जाते. मांड्या सुजून दगडासारख्या झाल्या आणि लघवी कोऱ्या चहासारखी गडद आली, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं. स्नायूतलं मायोग्लोबिन हे प्रथिन मूत्रपिंडात उतरतंय अशी ती खूण असते.

नौपाडा_फिजिओ:
आणि त्याचे बूट बघा. पुढून सैल असतील तर उतरताना पाय आत सरकतो, अंगठ्याचं नख काळं पडतं. उतरणीआधी लेस घोट्याजवळ पुन्हा आवळायला लावा.