मदत हवी आहे : कॅरी की फ्रिस्को?

न्यू जर्सीतून दक्षिणेत हलायचंय. नोकरी दोघांची घरूनच. नॉर्थ कॅरोलिनातलं कॅरी आणि टेक्सासमधलं फ्रिस्को एवढीच नावं उरलीत. टेक्सासला राज्याचा आयकर नाही, पण घरपट्टी बघून डोळे पांढरे झाले. कॅरोलिनात २०२५ चा आयकर सरसकट ४.२५ टक्के, घरपट्टी बेताची. हिशेब झालाय, तो नकोय. जुलैत दोन्हीकडे राहून आलो. फ्रिस्कोत संध्याकाळी सातलाही स्टिअरिंग हाताला चटके देत होतं. कॅरीत पाइनची सावली, पण घाम कोकणातल्यासारखा. शाळांचा प्रश्न नाही, लेक कॉलेजात आहे. सासूबाई सहा महिने आमच्याकडे असतात, गाडी चालवत नाहीत. कॅरीत बालाजी, फ्रिस्कोत हनुमान, देवळं दोन्हीकडे आहेत. पण त्यांना एकटीने पायी देवळात आणि किराण्याला जाता येईल अशी वस्ती नेमकी कुठल्या भागात?