आईच्या बाथरूमचं सरकतं दार काढायचंय, शनिवारच्या आत

मंडळी,
ते भिंतीत जाणारं दार काढायचंच ठरवलं. आई रविवारी पोचतेय. संधिवाताने तिची बोटं वळत नाहीत, कडेच्या पितळी खाचेत बोट घालून दार ओढणं जमत नाही. मागच्या खेपेला रात्री आत अडकली होती, ठाऊकच आहे सगळ्यांना. खालच्या गाइड काढल्या, पण दार वरून सुटत नाही. काँट्रॅक्टर म्हणतो भिंत फोडावी लागेल. खरंच?
– बापू, एडिसन

बापू, भिंतीला हात लावू नकोस! चौकटीच्या एकाच बाजूच्या पट्ट्या काढायच्या, उभी आणि वरची. रंगाने चिकटलेल्या असतात, म्हणून आधी कटरने रेघ मार, मग पटाशी घाल. दार अर्धं बाहेर ओढून वर टॉर्च मार. दाराच्या डोक्यावर दोन प्लेटा दिसतील, त्यांत चाकांचे बोल्ट अडकलेले असतात. प्लेटेवरची बारकी कडी फिरवली की बोल्ट सुटतो. दार खालून आपल्याकडे ओढून घ्यायचं. दोघं जण लागतात, मी येतो.
– नाना

नाना, रंगाचं बोललात म्हणून. बापूचं घर १९७८च्या आधीचं आहे. त्या वर्षी इथे अमेरिकेत घरांच्या रंगात शिसं घालायला बंदी आली. आधी तपासा. कोरडं घासू नका.
– अण्णा

अण्णांचं ऐका. आम्ही खिडक्या घासल्या आणि धाकटीच्या रक्तात शिसं निघालं. ती तेव्हा रांगत होती. वर्षभर तपासण्या चालल्या होत्या.
– माई

पटाशी मखराच्या पेटीत आहे, पेटी माझ्या गॅरेजमध्ये. मला विचारूनच न्यायची. गेल्या गणपतीनंतर हातोडीविना परत आली, अजून कुणी बोललेलं नाही.
– भाऊ

बापू भाऊजी, दार काढाल, पण पुढे काय? पडद्याआड आई आंघोळीला बसतील का? त्यांना विचारलंत? बिजागरीचं दार लावा, बाहेर उघडणारं. आत कुणी पडलं तर आत उघडणारं दार त्यांच्याच अंगाला अडतं. आणि बिजागऱ्या दार आत सरकतं त्या पोकळीच्या बाजूला नकोत, तिथे नुसत्या बारीक पट्ट्या असतात. समोरच्या बाजूला अख्खा स्टड, म्हणजे भिंतीतला उभा खांब, आहे, तिथे लावा.
– वहिनी

निघालं! रंग तपासला, शिसं नाही. दार अडत होतं ते टॉवेलच्या दांडीच्या स्क्रूमुळे. तो भिंतीतून पोकळीत आला होता, दारावर हातभर ओरखडा आहे. नाना, तुम्ही नसता तर भिंत गेली असती.
वहिनी, आईला फोन केला. "दार हवंच," म्हणाली. उद्या बाहेर उघडणारं बसवतोय, लांब दांड्याच्या मुठीचं, कोपरानेही दाबता येईल असं.
भाऊ, हातोडी माझ्या तळघरात सापडली. चुकलं माझं. संध्याकाळी पेटीसकट आणतो.
– बापू