फुटबॉल जगभर का पसरला? ‘स्वस्त आहे म्हणून’ हे उत्तर मला पटत नाही

डावखुरा :
फुटबॉल एवढा लोकप्रिय का, असं कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं असतं. एक चेंडू, चार दगड, झाला खेळ, गरिबालाही परवडतो. मला हे कधीच पुरेसं वाटलं नाही. धावायला तर चेंडूही लागत नाही. मग धावण्याच्या शर्यतीसाठी देशच्या देश रात्र का जागवत नाहीत?

कारण खेळाच्या पोटात आहे. गोल फार कमी होतात. २०२२ च्या विश्वचषकात ६४ सामन्यांत १७२ गोल झाले, म्हणजे सामन्याला पुरते तीनही नाहीत. जिथे शंभर-शंभर गुण होतात तिथे नशिबाचे फटके दोन्ही बाजूंना सारखेच बसतात आणि सरस संघ शेवटी वर येतो. इथे एकाच फटक्यात निकाल लागतो. २०१६ च्या युरो स्पर्धेत आइसलँडने अठराव्या मिनिटापर्यंत इंग्लंडवर दोन गोल चढवले आणि उरलेला सव्वा तास नुसता किल्ला लढवला. २-१. साडेतीन लाखांहून कमी वस्तीचा देश! दुबळ्याला इतकी खरीखुरी आशा देणारा दुसरा सांघिक खेळ दाखवा.

पाणकावळा :
असहमत. घोडं इथेच पेंड खातं. गोल कमी म्हणून मजा, तर १९९० चा इटलीतला विश्वचषक सर्वांत रंगतदार ठरायला हवा. सामन्याला २.२१ गोल, तोवरचा नीचांक. ज्यांनी पाहिलाय त्यांना विचारा. आघाडी मिळाली की चेंडू मागे गोलकीपरकडे, त्याने हातात घ्यायचा, पुन्हा बचावपटूकडे, पुन्हा मागे. शेवटी १९९२ मध्ये आपल्याच खेळाडूने पायाने मुद्दाम मागे दिलेला चेंडू हातात घ्यायची गोलकीपरला बंदी झाली. १९९४ च्या विश्वचषकापासून साखळीत विजयाला दोनाऐवजी तीन गुण मिळू लागले. खेळ चालवणाऱ्यांनाच कमी गोल नको होते, आणि तुम्ही त्याची आरती करताय.

शिवाय १९५४ मध्ये सामन्याला पाचाहून जास्त गोल झाले. तेव्हा काय लोक उठून गेले?

डावखुरा :
अर्धं मान्य. गोल कमी होणं वेगळं आणि गोल करायचाच नाही असं ठरवून उतरणं वेगळं. त्या नियमांनी दुसऱ्याचा बंदोबस्त केला. पण १९५४ काढलंतच म्हणून सांगतो. हंगेरीने पश्चिम जर्मनीला साखळीत ८-३ ने धुतलं होतं. अंतिम फेरीत पुन्हा तेच दोघे. आठ मिनिटांत हंगेरी २-० पुढे, आणि हरली ३-२. अकरा गोलांचा सामना कुणाला आठवतो?

सुतारपक्षी :
तुम्ही दोघं नियमांतच अडकलात, जरा नकाशा उघडा. १८६३ मध्ये लंडनला फुटबॉल असोसिएशन झाली, नियम लिहिले गेले, आणि ब्रिटिश माणूस जिथे जाईल तिथे ते नियम गेले. पण त्याच्या पेटीत फुटबॉल एकटा नव्हता, बॅटही होती! इटलीतला जेनोआ आजही अधिकृत नावात ‘क्रिकेट अँड फुटबॉल क्लब’ आहे. मिलान १८९९ मध्ये सुरू झाला तोही ‘फुटबॉल अँड क्रिकेट क्लब’ म्हणूनच. दोन्हीकडे क्रिकेट गळून पडलं.

मोघम सांगायचं तर क्रिकेट साहेबाच्या राज्यामागून गेलं आणि फुटबॉल साहेबाच्या व्यापारामागून. बंदरं, रेल्वे, गिरण्या, शाळा. ब्राझीलमधल्या साओ पावलोत जन्मलेला, इंग्लंडात शिकलेला चार्ल्स मिलर १८९४ मध्ये परतला तो चेंडू आणि नियमांचं पुस्तक घेऊन. त्याचे वडील रेल्वेच्या कामासाठी तिथे गेलेले. जिथे साहेब मालक नव्हता तिथे खेळ त्याच्या हातातून लवकर सुटला. १९०४ मध्ये पॅरिसला फिफा ही फुटबॉलची जागतिक संघटना स्थापन झाली, सात संस्थापक देश, त्यांत इंग्लंड नाही. १९३० चा पहिला विश्वचषक उरुग्वेत झाला, इंग्लंड गेलंच नाही. १९५० मध्ये एकदाचं आलं आणि अमेरिकेकडून १-० हरलं. ज्याचा खेळ त्याला न विचारता जगाने तो आपला करून टाकला. माझ्या मते लोकप्रियतेचं मूळ इथे आहे, गोलांच्या सरासरीत नाही.

कुसुमिता :
‘जगाने आपला केला.’ कुठल्या जगाने?

२६ डिसेंबर १९२० ला लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर बायकांचा सामना झाला. प्रेक्षक सुमारे ५३,०००. वर्ष उलटायच्या आत त्याच फुटबॉल असोसिएशनने आपल्या क्लबांच्या मैदानांवर बायकांच्या सामन्यांना बंदी घातली. खेळ बायकांना मानवत नाही म्हणे! ही बंदी जवळपास पन्नास वर्षं टिकली. ब्राझीलमध्ये तर १९४१ ते १९७९ कायद्यानेच मनाई. फिफाचा पहिला महिला विश्वचषक झाला १९९१ मध्ये.

आफ्रिकेचंही तेच. १९६६ च्या विश्वचषकात आख्ख्या खंडाला एकही हक्काची जागा नव्हती. आफ्रिकी देशांनी बहिष्कार टाकला, तेव्हा कुठे १९७० पासून एक मिळाली. तुम्ही सगळे ‘लोकांना खेळ का आवडला’ हे शोधताय. आवडत होताच. प्रश्न खेळू कुणाला दिलं हा आहे, आणि ज्यांना दिलं नाही त्यांनी तो तरीही सोडला नाही. स्वस्ताई, गोल, रेल्वे, यांतलं एकही कारण त्या ५३,००० लोकांना लागू करून दाखवा.

अर्धवेळ :
कुसुमिता +१.
बाकी दुबळ्यांच्या आशेबद्दल एवढंच : २०२२ पर्यंत २२ विश्वचषक, विजेते देश आठ, सगळे युरोप किंवा दक्षिण अमेरिकेतले. फिफाचे सदस्य २११. बळी तो कान पिळी. आणि आइसलँडला पुढच्याच सामन्यात फ्रान्सने ५-२ ने घरी पाठवलं, हे डावखुरांनी सोयीस्करपणे गाळलं.

डावखुरा :
पकडलंत. गाळलं होतं, कबूल.

कुसुमिता, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. माझा सगळा हिशेब बघणाऱ्यांचा होता, खेळू न दिलेल्यांचा मी विचारच केला नव्हता. पण सुतारपक्षींना एक विचारतो. व्यापाऱ्याच्या पेटीत दोन्ही खेळ होते म्हणता, मग जेनोआ-मिलानमध्ये क्रिकेटच का गळलं? पेटी बंदरात कशी पोचली हे कळलं, त्यातलं काय उचललं गेलं आणि का, हे नाही कळलं.

सुतारपक्षी :
वेळ. इंग्लंडच्या गिरण्यांत शनिवारी दुपारनंतर सुट्टी मिळू लागली, तिच्यात दीड तासाचा खेळ मावतो. दिवसभराचा कसा मावणार? इतर देशांतल्या कामगारांनाही मोकळा वेळ बेताचाच होता.

पाणकावळा :
दीड तासात हॉकीसुद्धा उरकते. तीही साहेबानेच नेली. मग हॉकी का नाही?

सुतारपक्षी :
हॉकीला बावीस काठ्या लागतात.

पाणकावळा :
म्हणजे फिरून स्वस्ताईवरच आलो की!

डावखुरा :
बावीस काठ्यांचा हिशेब मान्य. शीर्षक मात्र बदलणार नाही.